नंबर लावणारी खुर्ची

मित्रांनो, घडी केली की काखेत मावणारी, फणसाच्या लाकडाची मी एक जुनी खुर्ची. भुईगावच्या पॉलकाकांनी वाडीत पडलेल्या फणसाच्या झाडापासून मला स्वतः बनवलं आणि बसायला जाड कापड ठोकलं. केळीचे घड उतरवून दमले की ते माझ्यावर टेकत.

पण माझं नाव झालं ते रांगेत. काकांच्या मुलीला, रोवेनाला, नव्या फोनची भारी हौस. फोन विक्रीला येई त्या दिवशी काका पहाटेच मला स्कूटरला बांधत आणि वसईच्या दुकानासमोर नंबर लावत. दहाला रोवेना आली की ते उठत आणि ती त्यांच्या जागी उभी राही. पहिल्या वर्षी रांग पार मिठाईच्या दुकानापलीकडे गेली होती. ढोल काय, फुगे काय!

“काका, खुर्ची भाड्याने देता का?” मागचे चिडवत.

“बस की! नंबर मात्र माझाच.”

मी फुशारून जाई.

दोन वर्षांनी रांगेत पंधरा माणसं उरली. ढोल नव्हता.

गेल्या वर्षी नवा फोन यायच्या आठवडाभर आधी रोवेना ओटीवर माझ्यावर बसली आणि जुन्या फोनवरून तिने नवा मागवला. घरपोच. पप्पांना सांगायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मला मात्र माहीत होतं.

त्या शुक्रवारी काका नेहमीसारखे मला स्कूटरला बांधू लागले. मी एकदा करकरले. एवढंच.

दुकानासमोर चिटपाखरू नव्हतं. शटर उघडायला आलेला दुकानदार जितेंद्र हसला. “अंकल, आता रांग कोण लावतं?”

“मग बरंच की. माझा नंबर पहिला!”

दहा वाजले, अकरा वाजले. ऊन आमच्यावर आलं. मग रोवेनाचा फोन आला. रजा घेऊन ती घरीच होती.

“पप्पा, कुठे आहात?”

“अगं, ये लवकर. तुझ्यापुढे कोणीच नाही.”

ती हळूच म्हणाली, “पप्पा, फोन घरी आला.”

“हो का? बरं झालं. तुला उन्हात उभं राहावं लागलं नाही.”

त्यानंतर बराच वेळ काका माझ्यावरून उठले नाहीत.

त्या नाताळाआधीच ते देवाघरी गेले. रोवेना दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की मला पुसते, पण बसत नाही. तिला वाटतं, चूक तिची एकटीची. मलाही सगळं माहीत होतं, हे तिला कसं सांगू?

मित्रांनो, खुर्चीला तोंड नसतं, तुम्हाला आहे. तुमच्यासाठी कोणी नंबर लावायला निघणार असेल, तर “जाऊ नका, काम झालं,” एवढं त्यांनी चपला घालण्याआधी सांगा.