मागे फिरवलेली सीट

दचकू नका, मीच बोलतेय. इस्पितळाच्या फाटकाशी भाड्याच्या सायकलींचा स्टँड आहे ना, त्यातली टोकाची हिरवी सायकल. मोबाईल दाखवला की माझं कुलूप उघडतं. हव्या त्या स्टँडवर मला सोडा आणि खुशाल निघून जा. कारखान्यात रंग सुकतो न सुकतो तोच मला रस्त्यावर आणून उभं केलं. तेव्हापासून मी सगळ्या शहराची, म्हणजे कुणाचीच नाही.

माणसं तरी काय एकेक! कुणी माझ्या टोपलीत केळ्याची सालं टाकतं, कुणी चढावर दम लागला की मलाच शिव्या घालतं. पण एक रीत सगळे पाळतात. सायकल बिघडली, की उतरताना तिची सीट मागे फिरवून ठेवायची. म्हणजे पुढचा माणूस फसत नाही.

मावशीनं नेमका याच रीतीचा फायदा घेतला. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. बुटकी, सदा घाईत आणि महाबिलंदर! सकाळी माझ्यावरून यायची, सीट मागे फिरवायची आणि मला थोपटून म्हणायची, "थांब हं, आलेच." मला काहीसुद्धा झालेलं नसायचं. संध्याकाळी बाकीच्या सायकलींसाठी झुंबड उडायची आणि ही बया माझी सीट सरळ करून ऐटीत घरी! या लबाडीत मीही सामील होते. खरं सांगते, मला फार आवडायचं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मला राखून ठेवत होतं.

एके सकाळी ती "थांब हं, आलेच" म्हणून आत गेली आणि इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली. तिथेच तिचा जीव गेला आणि तिला मागच्या दारानं नेलं. हे मला पुढे तिच्या मैत्रिणींच्या बोलण्यातून कळलं. तोवर मी आपली वाट बघत उभी.

मेकॅनिक आला. ब्रेक बघितला, चेन बघितली, "धडधाकट तर आहे की!" म्हणत सीट सरळ करून गेला. त्याची पाठ वळली नाही तोच सीट पुन्हा उलटी. परत सरळ, परत उलटी. "हिच्या वाटेला जाऊ नकोस बाई, झपाटलेली आहे," धुलाईघरातल्या पोरी एकमेकींना सांगू लागल्या.

सीट फिरवणारा मावशीचा नवरा होता. समोरच त्याचं शिंप्याचं दुकान. कुणी मला हात लावला, की मशीन सोडून धावत यायचा. गळ्यातली टेप सीटच्या दांड्याला लावायचा, "तिच्याच मापाची आहे," असं पुटपुटायचा आणि सीट मागे फिरवायचा.

पण झपाटलेली मी होतेच. धुलाईघराचं दार वाजलं, की साबणाचा वास यायचा आणि कुणीतरी थोपटल्यासारखं व्हायचं. बघावं तर कुणी नाही.

एका संध्याकाळी मेकॅनिकनं मावशीच्या नवऱ्याला सीट फिरवताना पकडलं. "अहो काका, तुम्ही होय! उद्या गाडी येतेय. उलट्या सीटच्या सगळ्या सायकली थेट भंगारात जाणार."

"तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवत नाही रे," काका म्हणाले.

"मग भंगारात गेलेली बघवेल?"

तेवढ्यात धुलाईघरातून एक मुलगी लगबगीनं आली. "काका, ही चालू आहे का हो?"

काकांनी किती तरी वेळ माझी सीट धरून ठेवली. मग हळूच सरळ केली. "ठणठणीत आहे. ने."

मुलगी उंच. तिनं सीट वर ओढली आणि मावशीचं माप गेलं. काकांनी तोंड फिरवलं. मग मला थोपटत म्हणाले, "जा बाई. आता नको थांबूस."

आता मी शहरभर फिरते. सीट कधी वर, कधी खाली. काका दुकानातून बघतात, पण उठत नाहीत. तरी तुम्हाला एक विनवणी आहे. दिवसभर मला कुठेही न्या, पण धुलाईघर सुटायच्या वेळी इस्पितळाच्या स्टँडवर आणून सोडा. काका नको थांबूस म्हणाले खरे, पण तिनं थांब म्हटलंय हो.