एकाच ताग्यातले दोघे

अनंतराव कचेरीत प्रसिद्ध होते ते एका शेरवानीमुळं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी ती कचेरीच्या अंगणात सर्वांसमक्ष जाळली होती. निदान तसं सगळे मानत होते, आणि अनंतरावांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं.

त्या दिवसांत औरंगाबादेत शेरवानीचं जरा अवघड झालं होतं. निजामाच्या कचेरीत शेरवानीशिवाय पाऊल टाकता येत नसे, म्हणून ती सगळ्यांकडं होती. आणि आता ती सगळ्यांकडं आहे, हेच सगळ्यांना लपवायचं होतं. कुणीतरी अंगणात होळी पेटवली. एकेक कारकून घरून गाठोडं आणून तिच्यात टाकू लागला. अनंतरावांनीही टाकलं. ज्वाळा चांगली उंच गेली. नवे अंमलदार व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मान डोलावली.

गाठोड्यात त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या माहेरची दुलई होती.

शेरवानी ट्रंकेच्या तळाशी होती, कडुलिंबाच्या पाल्यात. ती जाळायला अनंतरावांचा हात धजला नाही. कापडच तसं होतं. शीरशक्कर म्हणत त्याला; म्हणजे दूध आणि साखर. एक पट्टी दुधासारखी सपाट पांढरी, तिच्या शेजारची निळी पट्टी साखरेसारखी खरबरीत, चुरमुडलेली. त्या सुरकुत्यांमुळं कापड अंगाला चिकटत नाही, मधून वारा फिरतो. मे महिन्यात शेरवानी घालून टेबलाशी बसणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. शहागंजच्या दुकानात त्या कापडाचा एकच तागा आला होता. अनंतराव आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे चांदपाशा, दोघांनी मिळून तो निम्मा-निम्मा घेतला. निजामुद्दीन टेलरनं दोन्ही शेरवान्या एका बैठकीत बेतल्या. दोघं बरोबर कचेरीत आले की लोक म्हणत, गादीच्या दोन उशा आल्या.

चांदपाशांनी होळीत काही टाकलं नाही. नव्या अंमलदारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात दुसरं काही सोसत नाही." पुढं जागा कमी करायच्या निघाल्या, त्यात त्यांची गेली. शेरवानीचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांचं टेबल अनंतरावांच्या टेबलाला जोडलं गेलं. तेवढंच ऐसपैस झालं.

तेव्हापासून अनंतराव कचेरीतून घरी जाताना चेलीपुऱ्यातला जवळचा रस्ता सोडून लांबून जात. चेलीपुऱ्यात चांदपाशांचं घर होतं.

एकसष्टच्या मे महिन्यात अनंतराव रिटायर व्हायचे होते. त्याच सुमारास कचेरीतला नवा कारकून बन्सी मुंबईला जाऊन आला, तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चुरमुडलेला बुशकोट घालून.

"सीरसकर म्हणतात काका याला. इस्त्रीच लागत नाही. मुंबईत साहेबलोक हेच घालतात. एकदम लेटेस्ट!"

अनंतरावांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं. आपल्यापेक्षा जरा हलकंच होतं. कापड तेच, पण मुंबईमार्गे आलं की त्याची लाज जाते, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

घरी ते भानुमतीबाईंना म्हणाले, "ट्रंकेतली ती वस्तू काढ बरं."

"कोणती? जाळली ती?" बाई म्हणाल्या. त्यांच्या दुलईला तेरा वर्षं झाली होती, पण त्या अशी संधी सोडत नसत.

निजामुद्दीननं शेरवानी गुडघ्यापासून कंबरेपर्यंत छाटली, बाह्या कोपराशी आणल्या, गळा उघडा केला. बुशकोट देताना एवढंच म्हणाला, "दुसरी अजून अंगात आहे, मालूम है ना?" अनंतरावांनी ऐकलं नाही असं केलं. तेरा वर्षांत ही कला त्यांना बऱ्यापैकी साधली होती.

निरोप समारंभ कचेरीच्या हॉलमध्ये, दुपारी. पंखा होता, पण तो मोठ्या साहेबांच्या डोक्यावर. मोठे साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आले होते. त्यांना शेरवानीची हकीगत बन्सीनं सांगितली होती, आणि तिच्यावरच त्यांचं भाषण उभं होतं. अनंतराव आपल्या बुशकोटात गार बसले होते. सगळे घामानं निथळत होते. शेवटच्या दिवशी का होईना, त्यांना बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारात चांदपाशा आले.

बन्सीनं हौसेनं सगळ्या जुन्या स्टाफला निरोप धाडले होते, हे अनंतरावांना तेव्हा कळलं. चांदपाशांची दाढी पांढरी झाली होती. अंगात तीच शेरवानी. धुऊन धुऊन निळा रंग जरा उतरला होता, पण पट्टी पट्टीला ओळखत होती. बन्सीनं मोठ्या मानानं त्यांना नेऊन अनंतरावांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसवलं. दोघांचे दंड टेकले. कापड जिथं टेकलं तिथं कुणाचं कुठं संपतं ते सांगता आलं नसतं.

"कैसे हो अनंतराव?" चांदपाशा हळूच म्हणाले.

"बरं आहे, पाशाभाई," अनंतराव टेबलावरच्या सत्काराच्या नारळाकडं पाहत म्हणाले.

मोठे साहेब बोलत होते. "...त्या धगधगत्या दिवसांत अनंतरावांनी गुलामीचं वस्त्र अंगावरून उतरवलं आणि अग्नीच्या स्वाधीन केलं!" टाळ्या पडल्या. चांदपाशांनीही वाजवल्या.

तेवढ्यात बन्सी, ज्याला मुंबईच्या कापडाची नवी पारख आली होती, मागून मोठ्यानं म्हणाला, "काका, तुमच्या बुशकोटाचं आन् पाशाचाचांच्या शेरवानीचं कापड एकच दिसतंय की!"

हॉलमधल्या माना वळल्या. एक पट्टी बुशकोटाची, एक शेरवानीची. जुन्या स्टाफपैकी दोघा-तिघांनी एकदम छताकडं पाहिलं. मोठे साहेब कागद हातात धरून थांबले. "म्हणजे?" ते म्हणाले. "हा बुशकोट शेरवानीच्या कापडाचा? ती तर जाळली..."

अनंतरावांना पहिल्यांदाच त्या कापडात उकडलं. तोंड उघडलं तर एकच वाक्य निघायला हवं होतं, आणि ते निघालं की त्या हॉलमध्ये त्यांचं काही शिल्लक राहणार नव्हतं. तोंड उघडलं. वाक्य आलं नाही.

चांदपाशा उठले.

"साहेब, कपडा मेरा है. माझ्या शेरवानीतून उरला होता. घरात पडून होता इतकी वर्षं. म्हटलं, दोस्त रिटायर होतोय, त्याला बुशकोट होईल. मीच दिला."

मग मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. भाषणाला त्यांनी स्वप्नातही कल्पिला नव्हता असा शेवट मिळाला होता. "पाहा!" ते म्हणाले. "अनंतरावांनी जुन्या राजवटीचं वस्त्र जाळलं, पण जुन्या मित्राचं मन जाळलं नाही! आजच्या दिवशी ते मित्राची भेट अंगावर घालून आले! केवढं मोठं मन!"

टाळ्या थांबेनात. अनंतरावांवर शाल पडली.

मग त्यांना बोलायला उभं केलं. अजूनही वेळ होती. ते म्हणाले, "ऊन फार आहे," आणि खाली बसले. संक्षिप्त भाषण सगळ्यांना आवडलं.

चहा-चिवडा झाल्यावर दोघं बरोबर बाहेर पडले. अनंतरावांना लांबचा रस्ता धरायचं सुचलंही नाही. शहागंजचं घड्याळ मागं पडलं. शेवटी अनंतरावच म्हणाले,

"पाशाभाई, का केलंत असं?"

"अरे, तू तोंड उघडून बसला होतास. माशी गेली असती."

"थट्टा नको. तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून. अंगणातच होतो मी. शेरवानीतून कापूस निघतो का रे? तुझ्या गाठोड्यातून केवढा निघाला! वाऱ्यावर उडून साहेबाच्या टोपीवर बसला."

अनंतराव चालायचे थांबले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं? तुमची नोकरी..."

"सांगून माझी राहिली असती? तुझीही गेली असती. दोघांनी घरी बसून करायचं काय? पत्ते मला येत नाहीत." चांदपाशांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "आणि तू एकटा थोडाच होतास? सगळ्यांच्याच गाठोड्यांतून कापूस, चिंध्या, जुने परकर. एकाची तरी शेरवानी निघते का म्हणून मी शेवटपर्यंत उभा होतो. नाही निघाली, मियाँ. त्या दिवशी एक शेरवानी जळली नाही."

सगळेच तसे होते. हे ऐकून अनंतरावांना आतून चक्क हलकं वाटलं. हलकं वाटलेलं त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं, आणि मग त्यांना चांदपाशांकडं पाहवेना. त्यांनी घाईघाईनं शाल काढली.

"ही तुम्ही घ्या."

"मे महिन्यात? माझ्यावर राग आहे का?"

चांदपाशांचं घर आलं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची फळी आणि एक पाट. चांदपाशा आता लोकांचे जुने उर्दू कागद मराठीत करून देत. त्या कामाला टेबल लागत नसे. आतल्या दारावर छापील पडदा होता. एके काळी अनंतराव आले की जाहेदाभाभी हा पडदा वर खोचून टाकत. भावासमोर कसला पडदा, म्हणत. ईदेला त्यांच्यासाठी वेगळी वाटी काढलेली असे.

"कोण आलंय जी?" आतून आवाज आला.

"अनंतराव."

आत भांडी वाजत राहिली.

"कोण अनंतराव?"

चांदपाशांनी चपला काढता काढता मित्राकडं पाहिलं. "विचारतेय," ते म्हणाले. "सांग."

त्या दुपारी अनंतरावांना निष्ठावंत, निर्भीड, मनमिळाऊ अशी पुष्कळ विशेषणं मिळाली होती. पडद्यापलीकडं चालेल असं त्यांत एकही नव्हतं. शाल काखेत धरून ते उभे राहिले. मग हॉलमध्ये न निघालेलं वाक्य निघालं. आवाज मात्र फार बारीक होता.

"भाभी, मी शेरवानी जाळली नव्हती. तो अनंता."

आत भांडी वाजायची थांबली. चांदपाशा पाटावर बसून पायाचं बोट चोळत राहिले. मदतीला आले नाहीत. बऱ्याच वेळानं पडद्याची कड हलली आणि पाण्यानं भरलेला तांब्या खालून पुढं सरकला. हात दिसला नाही.

अनंतराव खाली बसले आणि तांब्या ओंजळीनं उचलला. पडदा होता तसाच राहिला.