एकच घाव राहिलाय

मी एक जुनी ऐरण आहे. मात्र मित्रांनो, मला शोधायला लोहाराच्या भट्टीवर जाऊ नका. तिथली ऐरण चार माणसांना उचलत नाही आणि माझं वजन गुंजभरही नाही. मी 'सात खिंडी' नावाच्या, संगणकावर आणि फोनवर चालणाऱ्या खेळात राहते. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी या खेळात उतरतात. कुणी योद्धा होतो, कुणी तिरंदाज. त्यांच्या त्या राज्यात धुकेवाडी नावाचं गाव आहे, गावाच्या चौकात पाइनचं झाड आहे आणि झाडाखाली मी आहे.

कोरियात, सोलमधल्या एका मुलीने मला चितारलं. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका तिने मुद्दाम उडवला. तिचा साहेब म्हणाला, "नवी वस्तू फुटकी कशाला काढतेस?" ती म्हणाली, "साहेब, कोरी ऐरण बघून कुणाला हातोडा मारावासा वाटेल का?" माझा आवाज मात्र खरा आहे. तो एका खेड्यातल्या भट्टीवर जाऊन टिपून आणला होता. तो 'टण्' विरण्याच्या आत पुढचा घाव घालावा लागतो. घाई केली तर लोखंड तडकतं, उशीर झाला तर गार पडतं. एवढंच माझं शास्त्र आहे.

माझ्या आसपास उभं राहून कुणी काही लिहिलं किंवा माइकवर बोललं, की ते मला ऐकू येतं. माइकमागे त्यांच्या घरात जे वाजतं तेही येतं. त्यामुळे खेळाबाहेरचं जग मी पाहिलेलं नसलं तरी कुणाच्या घरी कुकरची शिट्टी होते आणि कुणाच्या घरी भांडण होतं, हे मला ठाऊक असतं.

लढणाऱ्याचं नाव चटकन होतं. त्याने एक राक्षस मारला की चौकात डंका वाजतो. लोहाराचं तसं नाही. त्याने आधी डोंगरातून खनिज खणायचं, लाकडं तोडून कोळसा करायचा, मुठीसाठी कातडं कमवायला शिकायचं. एक धंदा शिकायला तीन धंदे शिकावे लागतात. मग बसायचं खिळे ठोकत. हात सरावला की खिळ्यांतून शिकण्यासारखं काही उरत नाही, मग नाल ठोकायचे, मग सुऱ्या. उमेदवार, कारागीर, उस्ताद आणि सगळ्यांत वर महालोहार. बहुतेक जण नालांपर्यंत येतात आणि जांभया देत राक्षस मारायला निघून जातात. मी त्यांना दोष देत नाही. पण जे थांबतात, त्यांच्याकडे बघताना माझा ऊर भरून येतो.

असा थांबणारा पहिला माणूस म्हणजे ग्वांगछुल. दक्षिण किनाऱ्यावरच्या थोंग्यंग बंदरात कालवं वाढवायच्या तराफ्यांवर काम करणारा. काम संपलं की अंग धुऊन तो माझ्यापुढे बसायचा. खेळात त्याने 'दक्षिणखेकडा' असं नाव घेतलं होतं आणि चालायचाही तसाच, तिरपा. त्याच्या माइकमागून एका बाईचा आवाज रोज यायचा.

"जेवण गार होतंय. त्या खोट्या लोखंडाने पोट भरणार आहे का?"

"आलो गं. एकच घाव राहिलाय."

"कालचाच राहिलेला का?"

तो हसायचा आणि आणखी पाच-सहा घाव घालूनच उठायचा. ती बाई म्हणजे त्याची बायको ओकरान. बाजारात तिचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं, आणि तिची जीभ तिच्या किमचीच्या लोणच्याइतकीच झणझणीत होती.

ग्वांगछुल महालोहार झाला. आमच्या गावात हा मान फार थोड्यांना मिळाला आहे. त्याचा मुलगा जेग्योम खेळात उतरला, तेव्हा बापाने त्याच्यासाठी एक तलवार घडवली आणि समुद्राच्या भरतीवरून तिचं नाव 'भरती' ठेवलं. आमच्याकडे घडवणाऱ्याचं नाव वस्तूवर आपोआप कोरलं जातं. भरतीच्या मुठीवर 'दक्षिणखेकड्याने घडवली' अशी अक्षरं उमटली, तेव्हा ग्वांगछुलने ती दोनदा मोठ्याने वाचली होती.

पुढे तो यायचा थांबला. आजाराने त्याला थोड्याच आठवड्यांत नेलं, हे चौकातल्या बोलण्यावरून मला कळलं. वाट बघणं ऐरणीच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण ही वाट कधी संपणार नव्हती, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास राजधानीत नवं कारखानाघर उघडलं. तिथे एक बटण दाबलं की शंभर खिळे तयार. माझ्याकडे कोण येणार? वापर नसलेल्या वस्तूवर खेळात शेवाळ चढतं, तसं माझ्यावर चढलं, तेवढीच काय ती सोबत. एक महाशय तर माझ्यावर आपलं पाळीव डुक्कर बसवून जेवायला निघून जायचे.

मग एका दुपारी चौकात एक नवखी बाई आली. ती आधी विहिरीला धडकली, मग झाडाला, मग मला. नाव होतं 'मुळाकिमची'. तिच्यासोबत 'वादळी लांडगा' होता. हा जेग्योमच्या टोळीचा म्होरक्या. खऱ्या आयुष्यात त्याचं नाव दूसिक, तो देगू शहरात घरोघर पार्सलं पोहोचवतो.

"ताई, लोहारकी राजधानीत शिका," तो म्हणाला. "तिथे बटण आहे. इथे एकेक घाव हाताने घालावा लागतो. मनगट जाईल तुमचं."

"तू किमची बटणाने कालवतोस का रे, लांडगोबा?"

तो आवाज मी लगेच ओळखला. इतकी वर्षं नवऱ्याला जेवायला हाका मारणारी ओकरान आता स्वतः माझ्यापुढे उभी होती.

तिचं येणं उगाच नव्हतं. बाप गेल्यावर जेग्योमने भरती कधी कमरेची सोडली नाही. प्रत्येक लढाईत तीच नेली. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला आयुष्य असतं, वापरली की ते झिजतं. ते पार संपलं की वस्तू नाहीशी होते आणि तिच्यावरचं नावही जातं. भरती आता एका लढाईची धनी उरली होती. दुरुस्ती करता येते, पण ज्या पायरीच्या लोहाराने वस्तू घडवली त्याच पायरीचा हात तिला लागतो. त्यातही घाव बसला तर गेलेलं आयुष्य परत येतं, चुकला तर होतं तेही कायमचं कमी होतं. जेग्योमला सक्तीच्या सैन्यसेवेचं बोलावणं आलं. जाताना त्याने तलवार आईकडे दिली आणि म्हणाला, "हिला कुणाचा हात लागू देऊ नकोस. मोडली तर बाबांचं नाव जाईल."

"कुणाचा नाही," ओकरान दूसिकला म्हणाली, "पण आईचा हात काय कुणाचा असतो? पोरगा सुटून येईपर्यंत मला महालोहार व्हायचंय."

दूसिक म्हणाला, "ताई, त्याला पोरांना दोन-दोन वर्षं लागतात. आणि ती पोरं दिवसभर दुसरं काही करत नाहीत."

"मी पण दिवसभर मुळेच चिरते. कंटाळा मला नवीन नाही."

मित्रांनो, मी पुष्कळ कारागीर पाहिले, पण असा चिवटपणा पाहिला नाही. दुपारची गिऱ्हाइकं ओसरली की ती यायची. सुरुवातीला तिचे सगळे खिळे वाकडे होत. तिने शंभरदा लोखंड गार पाडलं. पण ती लांडग्याला म्हणायची, "तेल तापल्याचं कानाला कळतं, तसं हेही कळेल." आणि खरोखरच एक दिवस तिने पडद्याकडे बघणं सोडलं. तिकडे मुळा चिरता चिरता, मोकळ्या बोटाने कळ दाबत, ती नुसत्या कानाने माझा आवाज धरायला लागली. सुरीचा आवाज आणि हातोड्याचा आवाज एका तालात येऊ लागले. दुकानात कुणी हाक मारली की ती म्हणायची, "आले हो, एकच घाव राहिलाय." हे शब्द कुणाचे ते तिला आठवत असेल का, असं माझ्या मनात यायचं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

शिकताना ठोकलेला माल लोक कवडीमोलाने दुकानदाराच्या गळ्यात मारतात. तिने तिच्या सुऱ्या वेशीपाशी मांडून ठेवल्या, नवख्यांनी उचलाव्यात म्हणून. "माझ्या दुकानात चवीला फुकटच देते मी," ती म्हणायची. हळूहळू धुकेवाडीतून निघणाऱ्या प्रत्येक नवख्याच्या कमरेला एक सुरी दिसू लागली, 'मुळाकिमचीने घडवली'. तिची स्वतःची पहिली सुरी मात्र तिने कुणाला दिली नाही. पातं बाकदार, मूठ तिरपी, अगदी खेकड्याच्या चालीची.

जेग्योमची सुटका आठवड्यावर आली आणि ती महालोहार झाली. चौकात डंका वाजला. आयुष्यभर राक्षस मारणारे लोक मुकाट्याने तिला वाकून नमस्कार करून गेले. त्या दिवशी मला माझ्या टवक्याचाही अभिमान वाटला.

दुसऱ्या दुपारी ती भरती घेऊन आली. बातमी आधीच पसरली होती. वेशीवरून सुरी उचलून गेलेले कितीतरी जण माझ्याभोवती गोल करून बसले. आमच्या लोकांची एक रीत आहे. मौल्यवान वस्तूला हातोडा लावण्याआधी एखादी टाकाऊ वस्तू बळी द्यायची. तिच्यावर मुद्दाम जास्तीची धार चढवत राहायचं, म्हणजे ती मोडते. मोडताना ती वाईट नशीब सोबत घेऊन जाते असं सगळे मानतात, न मानणारेही मानतात.

"ताई, हा गंजका विळा घ्या बळीला," दूसिक म्हणाला.

"कचरा वाहून कुठला देव पावतो रे?" ओकरान म्हणाली, आणि तिने आपली पहिली सुरी माझ्यावर ठेवली.

"ती नको, ताई. ती तुमची पहिली आहे."

"म्हणूनच."

तिने घाव घातला. सुरी मोडली नाही, तिला धार चढली. दुसरा घातला, आणखी चढली. तिसऱ्याला पातं निळं चमकायला लागलं. जमलेल्यांचे चेहरे पडायला लागले, कारण बळी जगला तर चांगलं नशीब त्याच्यावर खर्च होतं, अशी त्या रीतीची दुसरी बाजू आहे. चौथ्या घावाला ती वाकडी सुरी अशी लखलखली, की राजाच्या भांडारातही तशी नसेल. एरवी लोक आनंदाने नाचले असते. इथे सुतक पडलं.

"थांबा, ताई," दूसिक म्हणाला. "आज नको. सगळं नशीब सुरीने खाल्लं."

ओकरान हसली. "नशीब म्हणजे काय तांदळाचा डबा आहे, मूठभर काढलं की तळ दिसायला?" असं म्हणून तिने भरती माझ्यावर ठेवली.

पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसरा चुकला. भरतीच्या पात्यावर एक काळी रेघ उमटली आणि तिच्या आयुष्यातला एक तुकडा कायमचा गेला.  मला स्वतःला हलता आलं असतं तर मी तलवार खाली टाकली असती. तेवढ्यात माइकमागून आवाज आला, "ओकरान, सुके मासे आहेत का गं, तिखटातले?"

"आहेत की." भरती पुन्हा तापायला ठेवून ती उठून गेली. डब्याचं झाकण उघडल्याचं, चमचा ठोकल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गिऱ्हाईक म्हणालं, "आज एवढी घाई कसली?" ती म्हणाली, "नवऱ्याचं काम घेतलंय हातात." मग ती परत येऊन बसली, आणि समोरच्या मुळ्यावर सुरी चालवू लागली. खट, खट, खट. त्या तालावर तिने हातोडा उचलला. त्यापुढचा एकही घाव चुकला नाही.

भरती उभी राहिली. काळी रेघ राहिली, आणि 'दक्षिणखेकड्याने घडवली' हे नावही राहिलं. दूसिक देगूच्या कुठल्याशा रस्त्याकडेला गाडी लावून रडत होता. त्याच्या मागचे लोक भोंगे वाजवत होते, म्हणून आम्हाला कळलं.

मित्रांनो, तुम्हीही कुठे ना कुठे काही शिकत असाल. तुमचे पहिले वाकडे खिळे फेकून देऊ नका. वस्तू वापरताना तिच्यावर कुणाचं तरी नाव आहे हे आठवा, मग ते कोरलेलं असो वा नसो. आणि झिजलेली वस्तू टाकण्याआधी, ती दुरुस्त करण्याइतके मोठे होऊन बघा. माझी एवढीच विनंती आहे.

हल्ली माझ्यावर शेवाळ नाही. सैन्यातून आलेला एक मुलगा रोज माझ्यापुढे बसतो. भरती त्याच्या पाठीला असते, पण तो तिला लढाईला नेत नाही. कमरेला एक वाकडी, लखलखती सुरी असते. तो खिळे ठोकतो आणि सगळे वाकडे ठोकतो. काल त्याच्या माइकमागून मला ओळखीचा आवाज आला.

"जेग्योम, जेवण गार होतंय."

"आलो, आई. एकच घाव राहिलाय."

मागे ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.  मग ओकरान हळूच म्हणाली, "घे. घालून ये."