खरखरीची डबी

डायोडच्या डाव्या टोकावरचा सोल्डरचा थेंब इतर थेंबांपेक्षा किंचित मोठा होता आणि त्याला वर बारीकशी शेंडी आली होती. ज्या पोरीला सगळे चिमटी म्हणत, तिने भिंग डोळ्याशी नेलं आणि सर्किटची पट्टी उजेडाकडे तिरपी धरली. बाकीचे थेंब बसके, चकचकीत, तिच्या हातचे. हा परका. त्याच्या शेजारी, तांदळाच्या कण्यांएवढ्या भागांच्या घोळक्यात, वाटाण्याएवढा एक तपकिरी कपॅसिटर आगंतुक पाहुण्यासारखा ऐसपैस बसला होता.

असा शेंडीवाला थेंब सोडणारा हात त्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात एकच होता.

"बाबा, माझ्या डबीला हात कुणी लावला?"

वडील पुढच्या टेबलावर, खिडकीच्या भरपूर उजेडात, एका रेडिओचं पोट उघडून बसले होते. गल्लीत त्यांना वस्ताद म्हणत. लेकीच्या हातातून चिमटा कधी सुटत नाही, म्हणून तिला चिमटी हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

"मी लावला. काय खरखर करत होती गं ती! तू झाकण अर्धवट लावून, चालू ठेवून कॉलेजात गेलीस, आणि इथे मला एक स्टेशन धड लागेना. शोधत शोधत जिन्याखाली आलो. झाकण उघडलं, एक कपॅसिटर टाकला, गप्प! वर वायर लावून, रेडिओजवळ धरून खात्रीसुद्धा केली. हूं की चूं नाही."

"बाबा, ती खरखर करण्यासाठीच आहे."

वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "खरखर करण्यासाठी कुणी यंत्र करतं?"

"का नाही?" आतून आई म्हणाली. "तुम्ही झोपलात की घरात दुसरं काय चालू असतं?"

चूक म्हटली तर चूक, पण ती त्यांच्याच हातून व्हावी अशी होती. ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या रेडिओतली खरखर घालवली, त्याच्यापुढे खरखरणारी वस्तू आली तर तो तिला बरी केल्याशिवाय राहील कसा?

चिमटीने पुन्हा एकदा समजावलं. हौशी रेडिओवाले घरी फिल्टर बनवतात. तो कोणत्या लहरी सोडतो आणि कोणत्या अडवतो, हे कळायला हवं. मग सगळ्या लहरींची खिचडी एकदम त्यात ओतायची आणि पलीकडे काय गळतं ते मोजयंत्राच्या पडद्यावर बघायचं. चाळणीची भोकं केवढी आहेत ते पीठ चाळूनच कळतं, तसं. बाजारात अशी खरखर करणारी पट्टी स्वस्तात मिळते, पण ती एका टोकाला बोंबलते, दुसऱ्या टोकाला कुजबुजते आणि तव्यासारखी तापते. चिमटीने तिचा विद्युतप्रवाह कमी केला, पाठीला ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला, तोंडाशी तीन रेझिस्टर बसवून तिचा आक्रस्ताळेपणा मोडला आणि सगळं पत्र्याच्या डबीत बंद केलं. आता पडद्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सपाट यायची. निदान काल येत होती.

ही डबी बघायला आज दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्या हौशी रेडिओ मंडळाच्या चिटणीस. त्यांना पसंत पडली तर मंडळातल्या सगळ्यांसाठी डब्या करायच्या, म्हणजे चिमटीचं स्वतःचं काम सुरू. पण त्यासाठी जिन्याखालची, ती टेबल म्हणून वापरत असलेली पेटी पुरणारी नव्हती. पुढचं टेबल हवं होतं. ते तिने कितीदा मागितलं होतं, आणि दर वेळी वडील एकच शब्द बोलत: "बघू." त्यांच्या तोंडी या शब्दाला ना होकाराचा वास असे, ना नकाराचा.

तिने सोल्डरिंगची कांडी तापवली, आगंतुक पाहुणा उचलला आणि झाकण न लावताच घाईघाईने डबी चालू केली. पडद्यावरची रेघ पुन्हा सपाट आली. चिमटीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारचे सलूनवाले काका रेडिओ छातीशी धरून धावत आले. त्यांच्या मागून, गळ्यात टॉवेल आणि एका गालावर साबण अशा थाटात, त्यांचं गिऱ्हाईक.

"वस्ताद, घात झाला! ऐन रंगात आलेला सामना, आणि ह्याला एकदम दमा लागला. ऐका!"

रेडिओ खरोखरच धापा टाकत होता. वडिलांनी रेडिओकडे पाहिलं, मग जिन्याखाली उघड्या पडलेल्या डबीकडे, आणि तिच्या तोंडाला त्यांनीच लावलेल्या हातभर वायरीकडे. ती काढायचं चिमटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. वायरीचा झाला होता अँटेना, आणि डबीची खरखर भिंतीपलीकडे जाऊन सामना ऐकत होती.

वडिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक लबाड उजेड पसरला.

"जुना आजार आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "ठेवून जा. तासाभराने या."

"बाबा!"

"तू गप. झाकण लाव," ते पुटपुटले. "काय गुणाची डबी केलीस गं! रोज पाच मिनिटं लावली तर गल्लीतला एकेक रेडिओ आपल्या पायांनी चालत येईल."

"म्हातारचळ लागलाय," आतून आवाज आला.

चिमटीने वायर काढली, झाकण दाबलं. काकांच्या कुशीतला रेडिओ खणखणीत बोलू लागला. काका चकित. "हात न लावता बरा केलात, वस्ताद?"

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत बसवलेला स्वतःचा फिल्टर आणला होता. तो जोडला, पडद्यावर मध्यभागी टेकडी उमटली: मधल्या लहरी पार, कडेच्या अडलेल्या. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"झकास. मंडळाला अशाच हव्यात. पण बनवणार कुठे? या जिन्याखाली? मला तर मान वळवायला जागा नाही."

चिमटीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसायला घेतला.

"बघू..." त्यांनी सुरुवात केली.

"काका," चिमटी गोड आवाजात सलूनवाल्यांकडे वळली, "तुमच्या रेडिओला काय झालं होतं, खरं सांगू का?"

"सांग की!"

"त्याचं असं झालं, की आमच्या बाबांनी—"

"थांब," वडील म्हणाले.

दुकानात सगळे त्यांच्याकडे बघत होते, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा. वडिलांनी टेबलावरचा उघडा रेडिओ उचलला. तो कुठे ठेवावा ते त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी तो काखेत मारला.

"रेडिओला काही झालं नव्हतं हो. आमचंच चुकलं. पोरगी अंधारात वाकून काम करते, मग वायर राहते, झाकण राहतं, आणि मी तिच्या कामात नाक खुपसतो." ते लेकीकडे वळले. "उद्यापासून पुढच्या टेबलावर तू बस. मी मागे जातो."