आधी बुटकं भिंग

करंगळीच्या नखाएवढा जांभळा डाग.

बाहेरच्या बाकावर केळं सोलणारे हात.

"आधी गाव बघायचं, मग गल्ली, मग घर."

कर्र.

क्रमाने सांगायचं तर, थोरली बावीस वर्षं या प्रयोगशाळेत काचेच्या स्लाइड रंगवत आली. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावायची: सूक्ष्मदर्शकाला चार भिंगं, सुरुवात सगळ्यात बुटक्यापासून. ते काचेपासून दूर राहतं. लहान दाखवतं, पण सगळं दाखवतं. लांबडं भिंग जवळ जातं. अगदी केसाइतक्या अंतरावर. म्हणून आधी गाव, मग गल्ली, मग घर.

आज स्लाइड धाकट्या बहिणीची होती. मानेतल्या गाठीत सुई घालून काढलेला थेंब. सुईच्या भीतीने धाकटीने तीन महिने टाळाटाळ केली होती. शेवटी थोरलीचा हात गच्च धरून बसली. कशीबशी एकच स्लाइड झाली. ती वाचायचं काम डॉक्टरांचं, आणि ते येणार चारला. वाजले होते अडीच.

गाव बघत बसायला धीर कुणाला? थोरलीला थेट घरात घुसायचं होतं. तिने लांबडं भिंग फिरवून आणलं, डोळे लावले, आणि बाजूचं मोठं चाक फिरवत काच वर आणत राहिली. धूसर. अजून धूसर. थोडं आणखी.

काचेला पडलेला तडा डागाच्या बरोबर मधून गेला होता. तिथला जांभळा रंग पीठ होऊन भिंगाला चिकटला होता.

मग तिने बुटकं भिंग लावलं. आता. अख्खं गाव दिसलं. दोन्ही कडांना पेशी शहाण्यासारख्या रांगेत, आणि तड्याला टेकून एक काळपट गर्दी. अर्धीच. उरलेली अर्धी कशाला चिकटली ते तिला ठाऊक होतं.

ती बाहेर आली.

"तुझं तोंड का उतरलंय?" धाकटी म्हणाली. "परीक्षा माझी आहे ना?"

"स्लाइड फुटली. माझ्या हातून."

धाकटीने केळ्याच्या सालीची नीट घडी घातली. "म्हणजे पुन्हा सुई."

"पुन्हा."

"ताई, खरं सांग. फुटली, की काही दिसलं म्हणून फोडलीस?"

धाकटीचा हात सावकाश स्वतःच्या मानेकडे गेला.

गेल्या वर्षी ती गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा थोरलीनेच चाचपून सांगितलं होतं, "काही नाही गं, राहू दे."