ओठांवरची बातमी

कापडगिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान कामातून जातात आणि डोळे तयार होतात. मागांच्या खडखडाटात घसा फोडून उपयोग नसायचा, म्हणून आम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचो. चार रांगा पलीकडची बाई कुणाला शिव्या घालतेय, ते मला जागेवरून कळायचं. काही लपवायचं असलं की तोंडावर हात जायचा. हात वर गेला म्हणजे बातमी वाईट, हे सगळ्यांना ठाऊक.

गिरणी बंद पडली. त्याच जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि तिथली फरशी पुसायला मी परत आले. मुलगा खाली फाटकावर पहारेकरी, तोही कंत्राटी. ‘यंदा कायम करू’ म्हणून साहेब त्याला कित्येक वर्षं झुलवतोय. आता सुनेला दिवस गेलेत. आज त्याला कायम करण्याचीच बैठक होती, त्यामुळे पोरगं सकाळपासून शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून टेकायलाही तयार नव्हतं.

सासरे सांगायचे, त्यांच्या काळी मालकाचा बंगला टेकडीवर आणि आपण एका खोलीत नऊ जणं. मग संप झाले, डोकी फुटली, पगार वाढले. माझ्या उमेदीत मॅनेजरची पोरं आणि आमचं पोरगं एकाच शाळेत. त्याच्याकडे फ्रिज आला, पाठोपाठ आमच्याकडेही आला. मला खुळीला वाटलं, आता हे असंच चालायचं. आज साहेबाची गाडी उभी राहते तेवढ्या जागेत आमचं बिऱ्हाड मावतं. सासऱ्यांची टेकडी परत आली, फक्त आता वर लिफ्टने जातात. मला तर राग धरायचाही कंटाळा आलाय.

बैठकीची खोली काचेची. मी बाहेर पोछा मारत होते. फरशी पुसणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?

साहेबाचे ओठ हलले, “फाटक आपोआप उघडणारं घेऊ. महिनाअखेर पहारेकरी बंद.”

समोरच्याने विचारलं, “त्यांना कधी सांगायचं?”

“शेवटच्या दिवशी. तोवर कायम करतोय म्हणा, नीट काम करतील.”

बादली घेऊन मी खाली आले. दार बंद होतं, काचेपलीकडे उन्हात पोरगं उभं. लहानपणी त्याच्यापासून खाऊ लपवायला मी आणि त्याचे बाबा ओठांवर बोलायचो, तर गुलामाने ती भाषाच उचलली होती.

“आई, झालं का गं?” त्याने तसंच विचारलं.

‘अजून चाललंय, तू जेवून घे,’ असं म्हणायचं मी जिन्यातच ठरवलं होतं. निदान आजचं जेवण तरी त्याच्या अंगी लागू दे. मी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ओला हात आपसूक तोंडावर गेला.

त्याने तो हात बघितला. तेवढ्यात साहेबाची गाडी निघाली. पोराने धावत जाऊन फाटक उघडलं, ताठ उभं राहून सलाम ठोकला आणि ओठ हलवले. गाडीतल्या साहेबाने नमस्कार समजून हसून मान डोलावली.

पोरगं काय बोललं ते मला एकटीला दिसलं.