झाकलेली वाटी

रेणुकादास सरांनी दोन सारख्या वाट्या सातवीच्या खिडकीत ठेवल्या, दोन्हींत सारखंच पाणी ओतलं आणि एकीवर बशी झाकली. पाणी टँकरचं. ओतताना एक थेंब फरशीवर पडला, तर अख्ख्या वर्गाचे डोळे त्या थेंबामागं गेले.

प्रश्न शिवगंगानं आणला होता. तिचे आजोबा वारून आठ दिवस झाले होते आणि दिव्याजवळ त्यांच्यासाठी ठेवलेल्या वाटीतलं पाणी रोज सकाळी कमी दिसायचं.

"आजी म्हंती, आजोबा येऊन पिऊन जातेत. खरं हाय का सर?"

सरांनी खडू उचलला. मग फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: प्रश्न, अंदाज, प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष.

"आपण सांगायचं नाही," ते म्हणाले. "पाण्याला विचारायचं."

रोज पट्टी लावून वहीत मांडायचं काम पंचशीलाकडं आलं. वहीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून कुणीतरी वर 'लातूर' लिहिलं होतं. जिल्हा नवा झाला होता. वह्या आणि दुष्काळ जुनेच होते.

सरांच्या घरी तिसरी वाटी होती, हे वर्गाला ठाऊक नव्हतं.

सरांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई जाऊन दीड महिना झाला होता. तेराव्यानंतर वाटी उचलायची असते; सरांनी उचलली नाही. रोज संध्याकाळी ते ती बाईंच्या टाळांशेजारी भरून ठेवत. सकाळी पाणी ज्वारीच्या दाण्याएवढं उतरलेलं दिसलं, की मगच चहाचं आधण चढे. शेजारच्या सरजाबाई भाकरी घेऊन आल्या की वाटीकडं बघून म्हणत, "येतेत बघा बाई. तुमाला सोडून कुठं जीव लागंल त्यांचा?" विज्ञानाच्या मास्तरानं यावर काहीतरी बोलायला हवं होतं. ते भाकरी झाकून ठेवत.

वाट्या मांडल्या त्या संध्याकाळी सरांनी घरच्या वाटीवरही बशी ठेवली. पोरांना जे करायला सांगितलं, ते आपण चुकवायचं कसं? चार दिवस पाणी हललं नाही. चार दिवस चहा झाला नाही.

पाचव्या दिवशी पंचशीलानं वही वाचली. "उघडी वाटी, दोन सेंटीमीटर कमी. झाकलेली, हाय तेवढीच. बशीला आतून थेंब."

"मग निष्कर्ष?" सरांनी विचारलं.

"पाणी वाफ होऊन जातंय," शिवगंगा बाकाकडं बघत म्हणाली. "आजोबा येत न्हाईत."

सर ते फळ्यावर लिहायला वळले. पंचशीला उभीच होती.

"सर, पहिलं लिहिते. दुसरं कसं लिहू?"

"का गं?"

"झाकलं की वाफ जात न्हाई, हे दिसलं. पण झाकलेल्या वाटीतून कुनी पिणार कसं? आमच्या घरी असलं कायी करत न्हाईत. पण आपण ते पाण्याला इचारलंच न्हाई की."

"आजोबाला बशी उचलायला लाव आता," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"बरोबर आहे, पोरी. पहिलं वाक्य लिही. दुसऱ्याच्या जागी लिही, माहीत नाही."

शिवगंगानं मान वर केली.

त्या दिवशी एकादशी होती. दिवेलागणीला देवळातून मृदंग लावल्याचा आवाज येऊ लागला. बाई होत्या तेव्हा पहिल्या ओळीत बसायच्या, बुवांमागं ध्रुवपद उचलायच्या. निघताना सरांना म्हणायच्या, "या, पण मोजायची पट्टी घरी ठेवून या." त्या गेल्यापासून सर तिकडं फिरकले नव्हते.

"सर, येता का कीर्तनाला?" सरजाबाईंनी दारातून विचारलं. "बुवा नायगावचे हायत. आवाज लई गोड."

"तुम्ही व्हा पुढं. आलोच."

सरांनी वाटीवरची बशी काढली. आतले थेंब वाटीतच निथळू दिले, बशी फडताळात ठेवली. टाळ उचलून पिशवीत घातले. बाहेर येऊन सवयीनं कडीला हात घातला.

मग हात काढून घेतला, आणि दार नुसतं लोटून ते निघाले.